खसखस, झोपेची गोळी आणि कस्टमचा टेबल

चतुर्थी आटोपली की मालवण, कुडाळ, सावंतवाडीकडची आखातात नोकरीला असलेली मंडळी परतीच्या तयारीला लागतात. बॅगेत मालवणी मसाला, कोकम, कुळथाचं पीठ असतंच. सोबत सहा महिन्यांच्या गोळ्यांची पिशवी. दाबोळी किंवा मोपाहून विमान सुटतं तेव्हा सगळं ठीक असतं. अडचण उतरल्यावर येते.

पहिली गोष्ट खसखशीची. अनेक घरांत मालवणी मसाल्यात ती भाजून घालतात. भारतात तिच्यावर बंदी नाही. 1985च्या अमली पदार्थ कायद्यानेही ‘पॉपी स्ट्रॉ’च्या व्याख्येतून बिया वगळल्या आहेत. पण संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबियात ती चालत नाही. बी अफूच्या बोंडातलंच; बोंडाच्या चिकाचा अंश सालीला लागून राहतो आणि त्यात थोडं मॉर्फिन असतं. खाऊन नशा होत नाही, पण लघवीच्या तपासणीत मॉर्फिन दिसू शकतं. दळलेल्या मसाल्यात कुणाला कळणार, हा हिशोब करू नये. परदेशी जाणाऱ्यासाठीचा मसाला खसखस न घालताच दळून घ्यावा. चवीत फारसा फरक पडत नाही, आणि पडला तरी तुरुंगापेक्षा बरा.

खरा धोका गोळ्यांचा. कंबरदुखीसाठी ट्रामाडॉल, खोकल्यासाठी कोडीनचं सिरप, झोपेसाठी अल्प्राझोलम ही औषधं आखाती देशांत नियंत्रित आहेत. भारतातही 2018पासून ट्रामाडॉल अमली पदार्थ कायद्याखाली आहे. फसवणारी गोळी प्रीगाबालिनची. मधुमेहात पायाची जळजळ, मुंग्या यांसाठी ती सर्रास दिली जाते, बहुतेकदा बी-12 जीवनसत्त्वासोबत एकाच गोळीत. रुग्ण तिला ‘ताकदीची गोळी’ समजतो. अमिरातीच्या अधिकाऱ्याच्या लेखी ती परवानगीशिवाय आणलेलं नियंत्रित औषध ठरते.

म्हणून निघण्याच्या निदान महिनाभर आधी सगळ्या गोळ्या घेऊन डॉक्टरांकडे जावं. काही औषधं बदलता येतात. जी बदलता येत नाहीत, त्यांच्यासाठी त्या देशाच्या शासनाच्या संकेतस्थळावर आगाऊ परवानगी मागता येते. भीतीने गोळी एकाएकी बंद करणं मात्र वाईट. रोज अल्प्राझोलम घेणाऱ्याने ती अचानक सोडली तर फिट येऊ शकते. डोस हळूहळू उतरवावा लागतो आणि त्याला आठवडे जातात.

चिठ्ठीवर औषधाचं मूळ रासायनिक नाव, मात्रा आणि आजार इंग्रजीत सुवाच्य हवा. आपल्याकडची कंपनीची नावं तिकडे कुणी ओळखत नाही. नाव पासपोर्टवर असेल तसंच. सरकारी दवाखान्यात कागदाच्या पुडीतून मिळालेल्या सुट्या गोळ्या किंवा नावाचा तुकडा कापलेली पट्टी नेऊ नये. इन्शुलिन हातातल्या बॅगेत ठेवावं, कारण सामानाच्या कप्प्यात ते गोठून निकामी होऊ शकतं.

आणि शेजाऱ्याच्या मुलासाठी दिलेलं पुडकं? ‘हे कोणाचं, आत काय आहे’ हा तपासणीतला नेहमीचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर ठाऊक नसेल तर ते पुडकं घेऊ नये. शेजारी रागावला तर रागावू दे.

बोटीवर किंवा कामासाठी आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे पीतज्वराच्या लशीचं कार्ड पाहतात. हे कार्ड लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं, त्यामुळे आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही. ही लस ठरावीक केंद्रांतच मिळते. मुंबई आणि मुरगाव बंदरांच्या आरोग्य कार्यालयांत तशी केंद्रं आहेत. 2016पासून एक डोस आयुष्यभर ग्राह्य आहे, तेव्हा जुनं कार्ड फेकू नये. बाधित देशातून कार्डाविना परतणाऱ्याला भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. तो आजार आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा एडिस डास घरोघरच्या पिंपांत आहे.