मोटारीच्या तबकडीचा उजेड

सांगलीहून पुण्यास रात्रीं मोटारीनें जाणाऱ्यांस एक गोष्ट अनुभवानें ठाऊक असेल. आष्टा मागें पडून पेठ नाक्याशीं गाडी हमरस्त्यास लागली म्हणजे चालकाची नजर वारंवार समोरच्या मीटरकडे वळते. गाडी जुनी असेल तर तेथील दिवा मंद झालेला असतो, आंकडे पिवळट पडलेले असतात, आणि वेग वाचण्यास डोळे ताणावे लागतात. आमच्या घरच्या जुन्या गाडीची हीच अवस्था होती. म्हणून गेल्या वर्षीं आम्हीं तिच्या मीटरवर नवीन प्रकाशमान तबकड्या बसविल्या. त्या कामांत जें शिकावयास मिळालें, आणि माझ्या हातून जी चूक घडली, तें विद्यार्थी बंधुभगिनींपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम वेगाचें मीटर कसें चालतें तें पाहूं. जुन्या गाड्यांत गिअरपेटीपासून पिळाच्या तारेची एक केबल मीटरपर्यंत आलेली असते. चाकांबरोबर ती फिरते व आपल्या टोकाशीं असलेला लोहचुंबक फिरविते. चुंबकाभोवतीं ॲल्युमिनिअमची लहानशी वाटी असते. ॲल्युमिनिअम चुंबकास चिकटत नाहीं हें आपण प्रयोगशाळेंत पाहिलेंच आहे. परंतु फिरत्या चुंबकामुळें त्या वाटींत विद्युत्प्रवाहाचे भोंवरे उत्पन्न होतात आणि वाटी चुंबकामागें ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला उलट खेंचते. या दोन ओढींचा तोल जेथें साधतो तेथें कांटा स्थिर होतो. ऑटो शुल्झे या जर्मन अभियंत्यानें १९०२ सालीं या रचनेचें पेटंट घेतलें. ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, कांटा त्या वाटीच्या दांडीवर केवळ दाबून बसविलेला असतो.

आतां उजेडाकडे वळूं. विसाव्या शतकाच्या आरंभीं घड्याळांच्या व उपकरणांच्या तबकड्यांना रेडियममिश्रित रंग देत असत. रेडियमच्या किरणांनीं त्या रंगांतील झिंक सल्फाइड अंधारांत चमके. अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांतीं हें काम करणाऱ्या तरुणी कुंचल्यास टोक आणण्यासाठीं तो ओठांत धरीत. त्यांतून रेडियम पोटांत जाऊन कित्येकींच्या जबड्यांचीं हाडें कुजलीं व कित्येकी प्राणांस मुकल्या. आजच्या तबकडींत झिंक सल्फाइड असतें, परंतु रेडियम नसतें. जॉर्ज देस्त्रियो या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९३६ सालीं दाखवून दिलें कीं, या पदार्थाची विशिष्ट भुकटी बदलत्या विद्युद्दाबांत ठेविली तर ती स्वतःच प्रकाश देते. नवीन तबकडी म्हणजे अशा भुकटीचा पातळ थर व त्याच्या दोहों बाजूंस वीजवाहक थर. त्यांपैकीं पुढचा पारदर्शक असतो. क्रायसलर कंपनीनें १९६० सालीं आपल्या मोटारींत असा उजेड आणला. बॅटरीचा १२ व्होल्टचा एकाच दिशेनें वाहणारा प्रवाह यास चालत नाहीं. म्हणून इन्व्हर्टर नांवाची लहान डबी त्याचें सुमारें १०० व्होल्टच्या उलटसुलट प्रवाहांत रूपांतर करते.

काम आरंभण्यापूर्वीं बॅटरीची ऋण तार सोडावी. मग स्क्रू काढून मीटरची पेटी अलगद पुढें ओढावी, मागची केबल व वायरी सोडाव्या, आणि कांच काढावी. कांटा शून्याजवळच्या खिळीवर टेकलेला असतो. तो खिळीवरून उचलून पलीकडे सोडला म्हणजे स्प्रिंग पूर्ण सैल होते. त्या वेळीं कांटा शून्याच्या रेघेपासून किती खालीं थांबतो, तें कागदावर टिपून ठेवावें. नंतर दोन चमच्यांनीं दोहों बाजूंस सारखा दाब देऊन कांटा उपटावा, नवी तबकडी जुनीवर रेघेला रेघ जुळवून चिकटवावी, व कांटा टिपलेल्या जागींच पुन्हां बसवावा. इन्व्हर्टरची तार फ्यूज घालून पार्किंगच्या दिव्यांच्या तारेस जोडावी, आणि तो चालू असतां त्याच्या वायरीस हात लावूं नये. किलोमीटर मोजणाऱ्या आंकड्यांस तर स्पर्शही करूं नये. तें पुढच्या गिऱ्हाइकास फसविणें होय. ज्या नव्या गाड्यांत एअरबॅग व विद्युत्पडदे आहेत, तेथें हा खटाटोप घरीं मुळींच करूं नये.

वायरींचें काम एका ओळखीच्या मिस्त्रींनीं केलें. कांटा मात्र मीं हौसेनें मागून घेतला, आणि टिपण न करतांच अंदाजानें बसविला. रात्रीं निळसर हिरवा उजेड पाहून घरचीं मंडळी हरखून गेलीं. दुसऱ्या दिवशीं वडील मला घेऊन आष्ट्याच्या रस्त्यानें निघाले. कांटा ५० वर होता. एका गांवाजवळ शाळा सुटली होती, आणि एक मूल धांवत रस्त्यांत आलें. वडिलांनीं ब्रेक दाबला. परंतु गाडी त्यांच्या अंदाजापेक्षां बरीच पुढें जाऊन त्या मुलापासून हातभर अंतरावर थांबली. मूल पळून गेलें. वडील मात्र किती तरी वेळ चाकावर हात ठेवून स्तब्ध बसले होते.

परततांना त्यांनीं मला मनगटी घड्याळ पाहावयास सांगितलें व कांटा ५० वरच स्थिर ठेविला. ताशीं ५० च्या वेगानें एक किलोमीटर जाण्यास ७२ सेकंद लागावयास हवे होते. दोन दगडांमधील अंतर आम्हीं ६० सेकंदांत तोडलें. म्हणजे वेग ६० होता, आणि माझा कांटा १० नें खोटें सांगत होता. ब्रेक लागल्यावर गाडी थांबण्याचें अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. ५० च्या जागीं ६० झाले कीं तें अंतर जवळजवळ दीडपट होतें. त्या हातभर अंतराचा अर्थ मला तेव्हां कळला. वडील मला एक शब्दही रागें भरले नाहींत. घरीं पोंचतांच त्यांनीं स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातीं दिला.

कांटा मीं पुन्हां काढला, स्प्रिंग सैल असतांना बसविला, आणि दगड व घड्याळ यांच्या साहाय्यानें जातांना व येतांना पडताळून पाहिला. उजेडही कमी केला. कारण काळोखाचा सराव होण्यास डोळ्यांस वीस-तीस मिनिटें लागतात, आणि झगझगीत तबकडी तो सराव मोडून टाकते. वाचण्यापुरता उजेड पुरे.

जवळच्या मिरजेंत सतारी घडतात. भोपळ्यावरची नक्षी कितीही देखणी असो, जवारी नीट लागली नसेल तर जाणकार ती सतार हातीं धरीत नाहीं. तबकडीचेंही तसेंच आहे. तेव्हां पुढच्या प्रवासांत वडिलांशेजारीं बसाल, त्या वेळीं एका किलोमीटरास किती सेकंद लागतात तें मोजा, ३६०० ला त्या संख्येनें भागा, आणि आलेला आंकडा कांट्याशीं ताडून पाहा.