डाल्टन मार्गावर गाडी बंद पडली तर
अलास्कातील फेअरबँक्सच्या उत्तरेस आरंभ होऊन आर्क्टिक महासागरालगतच्या डेडहॉर्सपर्यंत जाणारा ६६६ किलोमीटरांचा डाल्टन मार्ग १९७४ साली तेलवाहिनीच्या बांधकामासाठी सिद्ध झाला, आणि मालमोटारींची तेथील वहिवाट आजही इतकी अबाधित आहे की, निवासी मोटार घेऊन निघालेल्या हौशी प्रवाशाने स्वतःस आगंतुकच समजावे. वाटेतील कोल्डफूट हा थांबा सोडून उत्तरेस निघाल्यावर सुमारे ३८५ किलोमीटर ना इंधन मिळते, ना दुरुस्तीचा कारखाना दिसतो. तीक्ष्ण खडीने टायर फाटलाच, तर जवळचे दोन पूर्ण मापाचे जादा टायर आणि सीबी रेडिओ हाच काय तो आधार, कारण गाडी ओढून नेण्याचा आकार हजारो डॉलरांवर जाऊ शकतो. भाड्याच्या मोटारीचा करारनामा मात्र निघण्यापूर्वीच वाचावा; पुष्कळ करारांत या रस्त्यास साफ मनाई असते.