मंत्र, वीज आणि ‘माया मच्छिंद्र’

अद्भुतकथेत विजेचा शिरकाव झाला की मंत्राचा अंमल उठतो, असे मानणाऱ्या रसिकांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीने 1932 साली काढलेला, व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘माया मच्छिंद्र’ हा बोलपट अवश्य आठवावा. कारण स्त्रीराज्यात रमलेल्या मच्छिंद्रनाथांचा, म्हणजे ती भूमिका करणाऱ्या गोविंदराव टेंब्यांचा, शब्द ध्वनिग्राहकात शिरताच विद्युत्प्रवाह होई, त्या प्रवाहाच्या चढउताराने प्रकाशाची रेघ फिल्मवर उमटे, आणि चित्रगृहात त्याच रेघेतून पुन्हा वीज व विजेतून पुन्हा नाद प्रकट होई. एवढी रूपांतरे तर (नाथभक्तांनी क्षमा करावी) पोथीतही क्वचितच आढळतात! माझ्या मते या चित्रपटातला खरा सिद्धपुरुष वीजच होय.