विश्लेषण : दारूचा थेंबही न घेता यकृताचा सिरोसिस कसा होतो?

पोटदुखीसाठी किंवा विम्याच्या तपासणीसाठी सोनोग्राफी होते. अहवालाच्या तळाशी एक ओळ असते, ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’. ‘तेलकट कमी करा’ एवढे सांगितले जाते आणि अहवाल फाइलमध्ये जातो. बहुतेकांचे पुढे काही बिघडत नाही, हेही खरे. पण काही जणांच्या, विशेषतः मधुमेहींच्या बाबतीत, दहा-वीस वर्षांनी पोटात पाणी साठते किंवा रक्ताची उलटी होते आणि निदान येते सिरोसिसचे. मग नातेवाईक दबक्या आवाजात एकच प्रश्न विचारतात, ‘प्यायचे का?’ आयुष्यात दारूला हात न लावलेल्या आजीबाईंच्या घरच्यांनाही हा प्रश्न चुकत नाही.

सिरोसिस म्हणजे नेमके काय?

यकृतात चरबी साठणे म्हणजे सिरोसिस नव्हे. यकृताला वारंवार इजा होत राहिली की ती भरून काढताना तिथे व्रणासारखे चिवट तंतू तयार होतात. एरवी अ जीवनसत्त्व साठवून ठेवणाऱ्या काही पेशी सततच्या दाहामुळे कोलॅजेन बनवू लागतात. तंतूंचे हे जाळे शून्य ते चार अशा टप्प्यांत मोजले जाते. चौथ्या टप्प्यात यकृत गाठीगाठींचे, कडक होते. तोच सिरोसिस. हे नाव फ्रेंच वैद्य रेने लेनेक यांनी १८१९ मध्ये दिले. स्टेथोस्कोप शोधणारे ते हेच.

यकृत कडक झाले की आतड्यांकडून येणाऱ्या रक्ताची वाट अडते. त्या शिरांमधला दाब वाढतो, प्लीहा सुजते, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात, जलोदर होतो. रक्तातील विषारी द्रव्ये मेंदूपर्यंत पोहोचून रुग्ण असंबद्ध बोलू लागतो. हे सारे सुरू होण्याआधी मात्र अनेक वर्षे रुग्णाला काहीच जाणवत नाही. या मूक टप्प्यातील रुग्णांचे मध्यम आयुर्मान बारा वर्षांहून अधिक, तर गुंतागुंत सुरू झाल्यावर ते साधारण दोन वर्षे, असे जुन्या मोठ्या अभ्यासांत दिसले आहे. म्हणूनच निदान कधी होते यावर बरेच काही ठरते.

कारणे कोणती?

दारू हे मोठे कारण आहेच. हिपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू हे दुसरे. ‘बी’साठी लस आहे आणि सरकारी लसीकरणात ती जन्मतःच दिली जाते. ‘सी’ तर आता साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांमध्ये पूर्ण बरा होतो. स्वप्रतिकारशक्तीचे विकार, शरीरात तांबे साठवणारा विल्सन रोग, लोह साठण्याचा आनुवंशिक आजार ही तुलनेने विरळ कारणे. यांपैकी काहीच सापडले नाही की पूर्वी ‘कारण अज्ञात’ असा शेरा मारला जाई. यातल्या अनेकांना मधुमेह आणि लठ्ठपणा होता, हे पुढे लक्षात आले. सिरोसिस पूर्ण झाल्यावर यकृतातील चरबी बऱ्याचदा नाहीशी होते, त्यामुळे मूळ कारणाचा पुरावाच उरत नाही!

दारू न पिणाऱ्यांच्या यकृतातही मद्यपींसारखेच बदल दिसतात, हे अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९८० मध्ये २० रुग्णांच्या अभ्यासातून मांडले. त्यात बहुसंख्य स्त्रिया होत्या. या आजाराला दीर्घकाळ ‘नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर’ म्हटले गेले. जून २०२३ मध्ये जागतिक पातळीवर नाव बदलून चयापचयातील बिघाड हेच कारण नावात आणले गेले. त्याचे लघुरूप एमएएसएलडी.

चयापचय बिघडते म्हणजे काय?

इन्सुलिनला शरीर नीट दाद देईनासे झाले की त्वचेखालची चरबी जागेवर राहत नाही. तिच्यातील मेदाम्ले रक्तावाटे यकृतात येतात. शिवाय रक्तात वाढलेले इन्सुलिन यकृताला साखरेपासून नवी चरबी बनवायला लावते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात रुग्ण मोजकेच होते, पण निष्कर्ष डोळे उघडणारा होता. यकृतातील चरबीपैकी सुमारे ५९ टक्के शरीरातील मेदसाठ्यातून, २६ टक्के यकृतातच नव्याने तयार झालेली आणि आहारातून थेट आलेली जेमतेम १५ टक्के. म्हणजे तळलेली भजी सोडून चहातली साखर, शीतपेये, बेकरीचे पदार्थ आणि ताटातला भाताचा ढीग तसाच ठेवला, तर फारसे साधत नाही.

यकृतात चरबी आणि त्यासोबत पाचपैकी एक जरी निकष असेल तरी हे निदान होते. उपाशीपोटी साखर १०० किंवा अधिक, अथवा एचबीएवनसी ५.७ किंवा अधिक. रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक. ट्रायग्लिसराइड्स १५० किंवा अधिक. ‘चांगले’ कोलेस्टेरॉल पुरुषांत ४० आणि स्त्रियांत ५० किंवा त्याहून कमी. आणि पाचवा लठ्ठपणा. आशियाई लोकांसाठी बीएमआय २३ हीच मर्यादा आहे, २५ नव्हे. पोटाचा घेर भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत हवा. तो शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध मोजायचा असतो. पँटच्या नंबरवर विसंबू नये. पोट सुटल्यावर पँट त्याच्याखाली घातली जाते आणि नंबर वर्षानुवर्षे तोच राहतो.

सडपातळ लोकांनाही धोका का?

याचे उत्तर पुण्यातून मिळाले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे छायाचित्र ‘लॅन्सेट’ने २००४ मध्ये छापले होते. दोघांचाही बीएमआय नेमका २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के! हातपाय बारीक आणि चरबी पोटात, ही भारतीय ठेवण जन्मापासूनच दिसते. पुण्याजवळच्या खेड्यांतील बाळे सरासरी २.७ किलोंची आणि इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची; पण आपल्या बाळांत कमी होते ते प्रामुख्याने स्नायू आणि अवयवांचे वजन, चरबी त्या मानाने टिकून होती.

त्यात भर मधुमेहाची. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आणि आणखी १३ कोटी ६० लाखांना पूर्वमधुमेह आहे. मधुमेहाने चरबीकडून तंतूंकडे होणारा प्रवास वेगवान होतो. पीएनपीएलए३ या जनुकातील एक बदलही काहींचा धोका वाढवतो. आणि मधुमेही व्यक्ती ‘फक्त शनिवार-रविवारच’ पीत असेल, तर दोन्ही कारणे एकाच यकृतावर काम करतात.

‘एलएफटी नॉर्मल’ असले तरी काळजी करावी?

इथेच सर्वाधिक फसगत होते. सोनोग्राफीतील ग्रेड चरबीची असते, तंतूंची नव्हे. ग्रेड १ असलेल्याचे यकृत कडक असू शकते आणि ग्रेड ३ असलेल्याचे मऊ. तंतूंचा अंदाज घेण्यासाठी ‘फिब-४’ हा सोपा हिशेब आहे. वय गुणिले एएसटी. त्याला प्लेटलेट्स गुणिले एएलटीचे वर्गमूळ याने भागायचे. समजा वय ५६, एएसटी ३८, एएलटी ३६ आणि प्लेटलेट्स दीड लाख. बहुतेक प्रयोगशाळांच्या कागदावर यातला एकही आकडा ठळक छापला जाणार नाही. हिशेबात प्लेटलेट्स हजारांत, म्हणजे १५० धरायच्या. उत्तर येते २.३६. १.३ पेक्षा कमी असेल तर सहसा चिंता नसते, २.६७ च्या वर धोका जास्त. मधल्यांनी यकृताचा कडकपणा मोजणारी फायब्रोस्कॅन चाचणी करावी. पासष्टीनंतर खालची मर्यादा २ धरतात. पस्तिशीच्या आतील लोकांत हा हिशेब भरवशाचा नाही.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला, सप्टेंबर २०२४ मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचनाही आल्या. तरी मधुमेहाच्या नेहमीच्या तपासणीत डोळे, मूत्रपिंड, पाय पाहिले जातात आणि यकृत राहून जाते. ‘फिब-४’ला लागणाऱ्या तिन्ही चाचण्या स्वस्त आहेत आणि बहुतेकांच्या फाइलमध्ये आधीच असतात, हिशेब तेवढा कोणी करत नाही.

उपचार आहेत का?

वजन पाच टक्के उतरले तर चरबी कमी होते, सात ते दहा टक्क्यांनी दाह ओसरतो आणि दहा टक्क्यांपुढे तंतूही मागे हटू शकतात. ८० किलोंच्या माणसासाठी हे आठ किलो. सांगायला सोपे, टिकवायला अवघड. अमेरिकेच्या एफडीएने मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरॉम आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड या औषधांना यासाठी मंजुरी दिली. ही मंजुरी दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यातील तंतूंसाठी आहे, सिरोसिससाठी नाही. ‘लिव्हर डिटॉक्स’च्या बाटल्यांनी तंतू विरघळत असल्याचा पुरावा नाही, उलट काही वनौषधींनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. सिरोसिस झाल्यावरही मूळ कारणावर उपचार, मद्य पूर्ण बंद आणि यकृताच्या कर्करोगासाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, एवढे केले तर मूक टप्पा लांबवता येतो. यकृत साथ सोडू लागले की उरते प्रत्यारोपण आणि त्यासाठी अवयवाची प्रतीक्षा.