चुकलेल्या वजाबाकीचा व्हिडिओ

जळकोट तालुक्यातल्या एखाद्या केंद्राची शिक्षण परिषद आहे आणि शिक्षकांसमोर आपल्याला बोलायचं आहे. आपण केंद्रप्रमुख असा, साधनव्यक्ती असा किंवा मुरूडच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतले अधिव्याख्याते. दाखवायला इथल्याच वर्गातला व्हिडिओ असेल तर बोलणं लवकर मुद्द्यावर येतं. असा व्हिडिओ मोबाइलवर करता येतो.

आधी एकच प्रश्न निवडा. ‘वजाबाकी’ फार मोठा विषय झाला. ‘५२ मधून २७ वजा करताना मूल ३५ का लिहितं?’ हा प्रश्न तीन मिनिटांत मावतो. एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत, म्हणून मूल ७ मधून २ वजा करतं. लहान संख्या मोठीतून वजा करायची, हे त्याने मनाशी पक्कं धरलेलं असतं.

सर्वांत जास्त घोळ चित्रीकरणात होतो. आपण फळ्यासमोर उभे राहून वजाबाकी समजावतो. पण समोरच्या शिक्षकांना वजाबाकी येतेच. त्यांना मुलाचा विचार पाहायचा असतो. म्हणून कॅमेरा पाटीवर धरा, ‘कसं केलंस?’ असं विचारा आणि मग थांबा. ती शांतता नंतर कापू नका. बंजारा तांड्यावरचं मूल गोरमाटी बोलीत मोजू लागलं तर मोजू द्या. ते मोजणं परिषदेत ऐकू येणं मला फार मोलाचं वाटतं.

चेहऱ्याची गरज नाही. हात आणि पाटी पुरे. तरीही पालकांची लेखी संमती घ्या.

चित्र थोडं हललं तर चालतं, आवाज गेला तर सगळंच गेलं. पंखा बंद करा, मोबाइल आडवा धरून फ्लाइट मोडवर टाका. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, तेव्हा झाडाखालची जागा बरी. दुसरा मोबाइल मुलाजवळ ठेवून त्यावर फक्त आवाज घ्या. सुरुवातीला एक टाळी वाजवा, म्हणजे जोडताना दोन्ही फाइली त्या टाळीवर जुळवता येतात.

पाटीवर ३५ उमटलं की लगेच प्रश्नाची पट्टी घाला: ‘या मुलाने काय विचार केला असेल?’ इथे व्हिडिओ थांबवून शिक्षकांना बोलू द्या. उत्तर आपणच सांगून टाकलं तर चर्चा तिथेच संपते.

फाइल एमपी४ स्वरूपात साठवा आणि रेझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांच्या आडव्या ओळींची संख्या, ४८० ठेवा. तीन मिनिटं साधारण २०-२५ एमबीत बसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवला तर तो आणखी दाबला जातो आणि पाटीवरचे अंक पुसट होतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. पेनड्राइव्हवर एक प्रत ठेवा आणि परिषदेच्या आदल्या दिवशी, परिषद जिथे आहे त्याच शाळेच्या टीव्हीवर लावून पाहा.

पुढे हा व्हिडिओ २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या डिजिटल शिक्षण मंचासाठी द्यायचा असेल, तर प्रकाशनाआधी तपासणी होते. सिनेमातलं गाणं किंवा विनापरवानगी घेतलेली बालभारतीची पानं आत ठेवू नका. क्रिएटिव्ह कॉमन्सचा नामनिर्देश परवाना दिला की आपलं नाव ठेवून कुणीही व्हिडिओ वापरू वा बदलू शकतो. मूळ न जोडलेल्या फाइलीही जपून ठेवा. मुखेडच्या एखाद्या साधनव्यक्तीला फक्त पाटीचा भाग हवा असेल, तर तो तेवढाच देता येतो.