कुंडींतील वामनवृक्ष

वामनवृक्ष ही झाडांची निराळी जात नव्हे. मुळें व फांद्या वेळोवेळीं छाटून साधें झाडच लहान राखलेलें असतें. जपानांत यासाठीं पाइन वृक्षास मोठा मान आहे. १६२५ पासून जोपासलेला असा एक पाइन ६ ऑगस्ट १९४५ रोजीं हिरोशिमा येथें भिंतीआड असल्यानें अणुबॉम्बमधून वांचला. १९७६ सालीं तो बॉम्ब टाकणाऱ्या अमेरिकेसच भेट देण्यांत आला.

वाशिमचा उन्हाळा पाइनला मानवत नाहीं. म्हणून येथें भिंतींत उगवलेलें वडाचें वा पिंपळाचें रोप घ्यावें, असें आम्ही सुचवितों. तळाशीं भोकें असलेल्या उथळ कुंडींत माती, वाळू व कुजलेलें शेणखत घालून तें लावावें. मुळें पावसाळ्याच्या आरंभीं छाटावीं. वैशाखांत दोन वेळां पाणी घालावें. सुटींत परगांवीं जातांना हें काम शेजाऱ्यांवर सोंपवावें. एका दिवसाच्या विस्मरणानें वर्षांचे श्रम वायां जातात. त्या पाइनला मात्र चार शतकें कोणी ना कोणी पाणी घालीत आलें आहे.