चंद्र, उधाण आणि खाडीतली पिल्लं

पौर्णिमेचा चंद्र कोळंबीच्या पिल्लांना खाडीत ओढून आणतो, असं अनेकांना वाटतं. चंद्राचा त्यात वाटा आहेच, पण सेंटिमीटरभर जिवावर त्याच्या गुरुत्वाकर्षणाचा वेगळा असा परिणाम होत नाही. चंद्र समुद्राचं पाणी हलवतो आणि पिल्लं त्या पाण्याचा उपयोग करून घेतात.

उधाण फक्त पौर्णिमेला येतं, हाही गैरसमजच. अमावस्येलाही ते येतं, कारण दोन्ही वेळी सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळपास एका रेषेत असतात. सर्वांत मोठी भरती तर बहुधा या तिथींनंतर एक-दोन दिवसांनी होते. मुंबईत ती ४.५ मीटरच्याही वर जाते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं.

पण पिल्लं नुसती पाण्याबरोबर वाहत येतात, ही समजूत मला सर्वांत जास्त खटकते, कारण तिच्यामुळे या इवल्या जिवांची सगळी धडपडच नजरेआड होते. कोळंबी अंडी सोडते ती खुल्या समुद्रात. दोन-तीन आठवडे रूपं बदलत पिल्लू खाडीच्या तोंडाशी पोहोचतं, तेव्हा ते काचेसारखं पारदर्शक असतं. नजरेला पडतात ते त्याचे दोन काळे डोळे. ते नुसतं वाहत राहिलं असतं, तर भरतीने आत आलेलं सुकतीबरोबर पुन्हा बाहेर गेलं असतं. तसं होत नाही. भरती लागली की ते तळ सोडून वर येतं आणि सुकती लागली की तळाशी बसतं, कारण तिथे पाण्याची ओढ मंद असते. असं टप्प्याटप्प्याने, मुख्यतः रात्री, ते कांदळवनापर्यंत सरकतं. भरती लागली हे त्याला कळतं कसं? फ्लोरिडातल्या गुलाबी कोळंबीवर १९६०च्या दशकात प्रयोग झाले. पाण्याचा खारटपणा वाढला की तिची पिल्लं पोहू लागत, उतरला की तळ गाठत.

चिखलात एकच मोठी नांगी हलवत बसणाऱ्या छोट्या खेकड्यांचा प्रवास याच्या उलट असतो. त्यांच्या अनेक जातींत मादी पोटाखाली अंडी सांभाळते आणि उधाणाच्या सुमारास, रात्री भरती पूर्ण झाली की पिल्लं पाण्यात सोडते. सुकती त्यांना समुद्राकडे नेते. तिथे त्यांना खाणारे छोटे मासे कमी असतात. वाढलेली पिल्लं मग रात्रीच्या भरतीवर परततात.

अमावस्येची चिंबोरी भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ, हे तर घराघरांत ऐकू येतं. चिंबोरी पोकळ लागते ती कात टाकल्यावर. नव्या, मोठ्या कवचात आधी पाणी भरतं, मांस मागाहून धरतं. सगळ्या चिंबोऱ्या एकाच तिथीला कात टाकत नाहीत. बाजारात पोटाकडची बाजू दाबून पाहावी; टणक असेल तर ती भरलेली.

उधाणाला तिसऱ्या, म्हणजे चिखलातल्या शिंपल्या, वाढतात, असंही म्हणतात. वाढते ती सुकतीला उघडी पडलेली चिखलाची पट्टी, म्हणून हाताला जास्त लागतात. डोल जाळ्याचंही तसंच. ते पाण्याच्या ओढीवर चालतं आणि उधाणाला ओढ जोरात असते, म्हणून जाळं जास्त भरतं. त्यावरून खाडीत मासळी वाढली असं ठरत नाही. याच दिवसांत खाडीच्या तोंडाशी बारीक आसाचं जाळं लावलं, तर त्यात आत शिरणारी पिल्लंही सापडतात; पुढे मोठी होऊन समुद्रात जाणारी कोळंबी ती हीच.